२६ गीगाहर्ट्झचा वाइडबँड पॅच अँटेना सोलापुरात बसून कसा घडवायचा

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची यादी निघाली की इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलामुलींमध्ये मिलिमीटर-वेव्ह अँटेना हा विषय हमखास असतो. आठ महिन्यांनी रिपोर्ट येतो. त्यात सिम्युलेशनचा एक झोकदार आलेख असतो, रंगीत त्रिमितीय पॅटर्न असतो आणि ‘हा अँटेना ५जीसाठी उपयुक्त आहे’ असं वाक्य असतं. बोर्ड मात्र बनलेला नसतो. बनलाच असला, तरी मोजलेला नसतो. सोलापूरसारख्या ठिकाणी हे काम शेवटाला नेता येत नाही, असं मुलं धरून चालतात आणि मला ते पटत नाही. कामाचा क्रम बदलला तर यातला बराचसा भाग कॉलेजच्या लॅबमध्येच होतो आणि पुण्या-मुंबईकडे फक्त शेवटच्या मोजणीपुरतं जावं लागतं. तो क्रम इथे आकड्यांसकट मांडतो आहे.

पॅच म्हणजे बोर्डाच्या पुढच्या बाजूचा तांब्याचा चौकोनी तुकडा; मागे तांब्याचा सलग थर असतो, त्याला ग्राउंड म्हणतात. मिलिमीटर-वेव्हमध्ये पॅचचा आकार हा अँटेनाचा एक भाग असतो. कनेक्टर, बोर्डाची जाडी, एचिंगची (नको असलेलं तांबं रसायनाने काढण्याची) कड आणि समोरची फोनची काच हेही अँटेनाचेच भाग असतात. म्हणून आधी काय कापता येईल आणि काय मोजता येईल ते ठरवायचं आणि आकार त्यानंतर काढायचा.

बँड आधी कागदावर

भारतात २०२२च्या लिलावात २६ गीगाहर्ट्झचा पट्टा दिला गेला: २४.२५ ते २७.५ गीगाहर्ट्झ. मोबाइलच्या मानकांत त्याला एन-२५८ म्हणतात. आज आपल्या हातातल्या फोनचं ५जी मुख्यतः ३.३ गीगाहर्ट्झच्या आसपास चालतं. तरीही डिझाइन शिकायला २६चा पट्टा घ्यावा, कारण आपल्या देशात तोच लागू आहे. परदेशी पेपर वाचून २८ गीगाहर्ट्झ धरणारे बरेच असतात. २८ हा आकडा एन-२५७ पट्ट्यातला, म्हणजे २६.५ ते २९.५मधला आहे.

आता गणित. ३.२५ गीगाहर्ट्झची रुंदी, मध्य २५.८७५. भागाकार केला की १२.६ टक्के येतात. दोन्ही पट्टे एकाच अँटेनात हवे असतील तर २४.२५ ते २९.५, म्हणजे साडेएकोणीस टक्के. हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण पुढचा प्रत्येक निर्णय यांच्यावरच तपासायचा आहे.

सोबत निकषही लिहा. एस-११ (अँटेनाकडून परतणाऱ्या शक्तीचं माप) पूर्ण पट्ट्यात उणे १० डेसिबलच्या खाली हवा, म्हणजे दहा टक्क्यांपेक्षा जास्त शक्ती परतायला नको. पण तेवढ्यावर थांबू नका. पन्नास ओमचा साधा डमी लोड लावला तरी एस-११ उत्तम दिसतो, आणि तो काहीच प्रसारित करत नाही. म्हणून गेन (एका दिशेने किती जोरात प्रसारण होतं) आणि कार्यक्षमता यांचेही आकडे पहिल्याच दिवशी ठरवा: पट्ट्याच्या दोन्ही टोकांना आणि मध्यावर किती हवेत, आणि किती घसरण चालेल.

लॅमिनेट: इथे काटकसर नको

लॅमिनेट म्हणजे तांबं चढवलेला बोर्डाचा पत्रा. सर्वांत जास्त प्रोजेक्ट इथे वाया जातात. एफआर-४ हा नेहमीच्या सर्किट बोर्डांचा पत्रा स्वस्त असतो आणि सहज मिळतो, म्हणून मुलं २६ गीगाहर्ट्झलाही तोच धरतात. मायक्रोस्ट्रिप लाइनमध्ये (बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीत) डायइलेक्ट्रिकमुळे, म्हणजे तांब्याखालच्या अवाहक थरामुळे, होणारा ऱ्हास हिशेबाने काढता येतो. एफआर-४चा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट ४.४ आणि लॉस टँजंट (पदार्थ किती शक्ती खातो त्याचं माप) ०.०२ धरला, तर २६ गीगाहर्ट्झला दर सेंटिमीटरला सुमारे ०.८ डेसिबल ऱ्हास येतो. तीन सेंटिमीटरची फीड लाइन (कनेक्टरपासून पॅचपर्यंतची पट्टी) म्हणजे २.४ डेसिबल. अँटेनापर्यंत पोचायच्या आधीच चाळीस टक्क्यांहून जास्त शक्ती बोर्डात गरम होऊन गेली. शिवाय हा ऱ्हास परतणारी लहरही खातो, त्यामुळे एस-११चा आलेख भलताच रुंद आणि देखणा दिसतो. एफआर-४वर मिळालेल्या ‘वाइडबँड’ निकालाकडे म्हणून संशयानेच पाहावं.

तेच गणित आरटी-ड्युरॉइड ५८८० या टेफ्लॉनवर्गीय लॅमिनेटवर करा. कॉन्स्टंट २.२, लॉस टँजंट ०.०००९. दर सेंटिमीटरला साधारण ०.०२५ डेसिबल. तांब्यातला ऱ्हास वेगळा, पण डायइलेक्ट्रिकमधला फरक तीस पटींचा आहे. पत्रा महाग असतो हे खरं. पण एक पॅच चार-पाच मिलिमीटरचा, त्यामुळे एका छोट्या तुकड्यात कितीतरी नमुने बसतात. चार गटांनी मिळून एक पत्रा मागवावा.

तांबं १७ मायक्रॉनचं घ्या, ३५चं नको. पातळ तांब्यात एचिंगची कड सरळ येते. २६ गीगाहर्ट्झला प्रवाह तांब्याच्या वरच्या ०.४ मायक्रॉनमध्येच वाहतो, म्हणून खालच्या पृष्ठभागाचा खडबडीतपणाही ऱ्हास वाढवतो. मिळालं तर रोल्ड कॉपर मागा. बोर्डवर निकेल-सोन्याचा मुलामा देऊ नका, कारण निकेल प्रवाहाला अडवतं. नुसतं तांबं किंवा इमर्शन सिल्व्हर बरं.

उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेला की ‘उष्णतेमुळे फ्रिक्वेन्सी सरकली’ हे कारण आपल्याकडे सहज पुढे येतं. या लॅमिनेटचा कॉन्स्टंट दर अंशाला दशलक्षात सुमारे १२५ भागांनी घटतो. वीस अंशांचा फरक धरला तरी अनुनाद (पॅच ज्या फ्रिक्वेन्सीला सर्वांत चांगला चालतो ती) तीसेक मेगाहर्ट्झ हलेल. एचिंगची चूक याच्या दहापट असते. दोष आधी तिथे शोधा.

साध्या पॅचचा हिशेब

जाडी ०.५०८ मिलिमीटर धरू. मध्य २६ गीगाहर्ट्झ, हवेतली तरंगलांबी ११.५३ मिलिमीटर. पॅचची रुंदी म्हणजे अर्धी तरंगलांबी गुणिले √(२ ÷ (२.२ + १)). उत्तर ४.५६ मिलिमीटर. या रुंदीला परिणामी कॉन्स्टंट १.९९ येतो. त्यावरून विद्युत लांबी ४.०८ मिलिमीटर. दोन्ही टोकांना क्षेत्र पॅचच्या बाहेर फुगतं, त्याची प्रत्येकी ०.२६ वजा केली की प्रत्यक्ष लांबी ३.५६ मिलिमीटर उरते.

हा पॅच किती रुंद पट्टा देईल? व्हीएसडब्ल्यूआर दोनपर्यंतच्या (साधारण आपल्याच उणे १० डेसिबलच्या निकषाच्या) बँडविड्थचं नेहमीचं अंदाजी सूत्र आहे: ३.७७ × (कॉन्स्टंट − १) ÷ कॉन्स्टंटचा वर्ग × रुंदी ÷ लांबी × जाडी ÷ तरंगलांबी. आकडे घातले की ५.३ टक्के. आपल्याला १२.६ हवेत. निम्म्याहून कमी पडले.

जाडी वाढवली तर? ०.७८७ मिलिमीटरवर तेच सूत्र ८.७ टक्के देतं. मात्र त्या जाडीवर पन्नास ओमची लाइन २.४ मिलिमीटर रुंद होते, म्हणजे पॅचच्या निम्म्याहून जास्त. अशी लाइन स्वतःच प्रसारण करू लागते, आणि पृष्ठभागी लहरीही वाढतात. ०.५०८वर लाइन १.५६ मिलिमीटर राहते, ती सांभाळता येते. बँडविड्थसाठी जाडी हवी आणि फीडसाठी पातळपणा हवा, ही ओढाताण या डिझाइनच्या मुळाशी आहे. कारखान्यातल्या बहुपदरी बोर्डात पॅच जाड थरावर आणि फीड पातळ थरावर ठेवून ती सोडवतात. एकपदरी बोर्डात आपल्याला दुसरा मार्ग काढावा लागतो.

‘कॉम्पॅक्ट’ या अटीबद्दलही इथेच बोलतो. पॅच आधीच चार मिलिमीटरचा आहे. त्याला खाचा पाडून किंवा जास्त कॉन्स्टंटचं लॅमिनेट घेऊन तीन मिलिमीटरवर आणण्यात काही हाशील नाही; बँडविड्थ आणि कार्यक्षमता तेवढी जाते. फोनमध्ये जागा खरी लागते ती अँटेनांच्या रांगेला, म्हणजे ॲरेला. बीम ६० अंशांपर्यंत वळवायचा असेल, तर दोन घटकांतलं अंतर तरंगलांबी भागिले (१ + साइन ६०°) यापेक्षा कमी हवं. २७.५ गीगाहर्ट्झला ते ५.८ मिलिमीटर येतं. व्यवहारात ५.४-५.५ धरा. ॲरेच्या दिशेने एक घटक या मापात बसला, की आपल्या कामापुरता तो कॉम्पॅक्ट झाला.

पट्टा रुंद करण्याचे मार्ग आणि माझी निवड

मोनोपोल आणि अर्धवट ग्राउंड ही जोडी प्रोजेक्टमध्ये फार दिसते. पट्टा प्रचंड रुंद मिळतो, पण प्रसारण पुढे-मागे दोन्हीकडे सांडतं. फोनमध्ये मागे बॅटरी आणि धातूची चौकट असते, तिथे याचा उपयोग जवळपास नाही. यू-आकाराची खाच १९९५पासून वापरात आहे आणि चांगली चालते, मात्र तिला ०.५०८पेक्षा जाड आणि हलका थर लागतो. एकावर एक ठेवलेले पॅच आणि ग्राउंडमधल्या फटीतून फीड हा सर्वांत सक्षम मार्ग. वीस टक्क्यांच्या पुढे त्यानेच जाता येतं. पण दोन पत्रे हाताने जुळवून नायलॉनच्या स्क्रूने आवळले, तर मध्ये राहणारी केसाएवढी हवासुद्धा अनुनाद हलवते. पहिल्या बोर्डला हा मार्ग धरू नका.

माझी निवड गॅप-कपल्ड पॅचची. एका पॅचला फीड द्यायचं आणि त्याच्या पलीकडच्या प्रसारण-कडेला बारीक फट ठेवून दुसरा, किंचित आखूड पॅच ठेवायचा. त्याला कोणतीही लाइन जोडायची नाही; तो फटीतून ऊर्जा घेतो. दोघांचे अनुनाद थोडे वेगळे, त्यामुळे एस-११च्या आलेखातल्या दोन दऱ्या शेजारी येऊन एक रुंद दरी तयार होते. आयआयटी मुंबईत शिकवलेले प्राध्यापक गिरीश कुमार यांनी या प्रकारावर १९८०च्या दशकापासून पायाभूत काम केलं आहे, आणि अँटेनावरची त्यांची व्याख्यानं एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. ती आधी ऐका.

सुरुवातीची मापं अशी घ्या. फीड दिलेला पॅच ३.७० मिलिमीटर लांब. वरच्याच सूत्राने त्याचा अनुनाद २५.१ गीगाहर्ट्झच्या आसपास. दुसरा ३.४५ लांब, त्याचा २६.७. दोघांची रुंदी ४.५६. फट ०.२० मिलिमीटर. पॅचच्या कडेचा रोध साध्या सूत्राने २४० ओमच्या आसपास येतो, म्हणून पन्नास ओमशी जुळवायला मध्ये सुमारे १०९ ओमचा पाव-तरंगलांबीचा तुकडा (ट्रान्सफॉर्मर) लागेल: रुंदी ०.३८, लांबी २.१८ मिलिमीटर. दुसरा पॅच जवळ आला की हा रोध बदलतो, तेव्हा ही फक्त सुरुवात समजा.

ॲरेची रांग रुंदीच्या दिशेने लावायची. दुसरा पॅच लांबीच्या दिशेने असल्यामुळे ५.५ मिलिमीटरच्या अंतराला धक्का लागत नाही. आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: या रचनेने पट्टा साधारण दुप्पट होतो. १२.६ टक्के पूर्ण गाठायला फीड लाइनवर एक छोटा उघडा स्टब (टोक मोकळं असलेला लाइनचा फाटा) लावून तिसरी दरी आणावी लागू शकते. तरीही टोकाला एस-११ उणे आठ-नऊवर राहिला, तर तो आकडा तसाच लिहा. पट्ट्याच्या टोकाला वीस टक्क्यांहून कमी शक्ती परतते, हे उपयोगी आणि खरं उत्तर आहे.

सिम्युलेशन

एचएफएसएस किंवा सीएसटी हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर कॉलेजात असेल तर उत्तम. नसेल तर ओपनईएमएस हे मोफत, मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर ऑक्टेव्ह किंवा पायथॉनमधून चालतं. शिकायला आठवडा-दोन आठवडे जातात, पण मेश (रचनेचे बारीक पेशींत केलेले तुकडे) स्वतः आखावा लागतो, म्हणून समज पक्की होते. ०.२० मिलिमीटरच्या फटीत किमान चार पेशी द्या, लॅमिनेटच्या जाडीत चार-पाच द्या. मग मेश दीडपट बारीक करून पुन्हा चालवा. दरी शंभर मेगाहर्ट्झपेक्षा जास्त हलली तर पहिलं उत्तर खरं नव्हतं. हवेची पेटी खालच्या फ्रिक्वेन्सीच्या पाव तरंगलांबीएवढी, म्हणजे तीन मिलिमीटरहून मोठी ठेवा.

जुळवणीला क्रम असतो. आधी एकट्या पॅचचा अनुनाद आणि रोध जागेवर आणा. मग दुसरा पॅच आणा आणि फक्त फट बदला: फट लहान केली की दोन दऱ्या एकमेकींपासून दूर जातात, मोठी केली की एकत्र येतात. मधला उंचवटा उणे दहाच्या खाली येईपर्यंत फट, मग लांब्या, शेवटी ट्रान्सफॉर्मरची रुंदी. सहा मापं एकदम ऑप्टिमायझरला सोपवू नका. आकडा मिळेल, पण बोर्ड चुकल्यावर कशाला हात घालायचा ते कळणार नाही.

पॅटर्न २४.२५, २६ आणि २७.५ अशा तिन्ही ठिकाणी पाहा. दुसरा पॅच एकाच बाजूला असल्यामुळे बीम फ्रिक्वेन्सीप्रमाणे थोडा झुकतो. किती अंश झुकतो ते नोंदवा. एस-११च्या आलेखात हे कधीच दिसत नाही.

दहापट मोठा नमुना: हा टप्पा गाळू नका

मिलिमीटर-वेव्हच्या प्रोजेक्टमध्ये हा टप्पा फारसा कुणी घेत नाही, आणि सोलापुरात बसून काम करणाऱ्याला सर्वांत जास्त उपयोग याचाच आहे. अँटेनाची सगळी मापं दहापट केली आणि कॉन्स्टंट तोच ठेवला, की तोच अँटेना दहाव्या हिश्शाच्या फ्रिक्वेन्सीला तसाच वागतो. २४.२५ ते २७.५ गीगाहर्ट्झचं काम २.४२५ ते २.७५वर येतं. तिथे कॉलेजच्या लॅबमधला किंवा ३ गीगाहर्ट्झपर्यंत चालणारा हातात मावणारा स्वस्त व्हीएनए (एस-११ मोजणारं यंत्र) पुरतो.

साहित्य इथलंच. ५ मिलिमीटर जाडीची टेफ्लॉन शीट गॅस्केट आणि सीलसाठी वापरली जाते; अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यांना असा माल पुरवणाऱ्यांकडे चौकशी करा. कोरी शीट घ्या, काचतंतू किंवा कार्बन मिसळलेली नको. व्हर्निअरने चारही कोपऱ्यांची जाडी मोजा आणि सरासरी लिहा. सोबत रुंद कॉपर फॉइल टेप, एक एसएमए कनेक्टर, पॉलिश पेपर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल.

टेफ्लॉनला सहसा काहीच धड चिकटत नाही. पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने एकाच दिशेने घासा, अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या. मागची सगळी बाजू टेपने झाका. टेपच्या दोन पट्ट्या जिथे भेटतात तिथे नुसत्या एकमेकींवर चिकटवून भागत नाही, मधला गोंद जोड तोडतो, म्हणून सांध्यावर दर सेंटिमीटरला सोल्डरचा ठिपका द्या. पुढचे पॅच एकाच अखंड टेपमधून कापा: पहिला ३७.० × ४५.६, दुसरा ३४.५ × ४५.६, मध्ये २ मिलिमीटर फट. ट्रान्सफॉर्मर ३.८ रुंद, २१.८ लांब, पुढे पन्नास ओमची लाइन १६ मिलिमीटर रुंद. स्टीलची पट्टी दाबून धरा आणि नवं ब्लेड एकदाच ओढा. ब्लेड दोनदा फिरलं की कड फाटते. टेप वर उचलत असेल तर वरून थर्मोकोलचा सपाट तुकडा ठेवून हलकं वजन द्या. थर्मोकोलचा कॉन्स्टंट जवळजवळ हवेएवढाच, त्यामुळे मोजणीत फरक पडत नाही. वजन मात्र धातूचं नको, आणि ते पॅचच्या डोक्यावर नको, कडेला असू द्या.

शुद्ध टेफ्लॉनचा कॉन्स्टंट २.१, आपल्या लॅमिनेटचा २.२. त्यामुळे सगळा आलेख सुमारे दोन टक्के वर सरकेल, २.६०ची अपेक्षा असेल तिथे २.६५ दिसेल. सिम्युलेशनमध्ये २.१ आणि मोजलेली जाडी घालून तुलना करा. जुळलं, तर तुमचं मॉडेल विश्वासाचं आहे. मग फट २ची १.५ करून पाहा, दुसरा पॅच काढून पाहा, समोर काच धरून पाहा. दऱ्या कशा हलतात ते डोळ्यांसमोर दिसतं, आणि प्रत्येक प्रयोगाला टेपचा एक तुकडा लागतो, महागडा बोर्ड नाही.

या नमुन्यातून तांब्यातला ऱ्हास, खडबडीतपणा, एचिंगची चूक आणि खऱ्या कनेक्टरचं वागणं कळत नाही. त्यासाठी खरा बोर्डच लागतो.

बोर्ड बनवताना

लांबीत ०.०५ मिलिमीटर कमी झालं तर अनुनाद सुमारे ३२० मेगाहर्ट्झ वर जातो, म्हणजे आपल्या पट्ट्याचा दहावा हिस्सा. एचिंग थोडं जास्त झालं आणि प्रत्येक कडेला २५ मायक्रॉन तांबं जास्त गेलं, की दोन्ही पॅच ०.०५ने आखूड होतात आणि त्याच वेळी फट ०.२०ची ०.२५ होते. दोन बदल एकदम होतात. म्हणून एकच डिझाइन पाठवू नका. एकाच पत्र्यावर मूळ डिझाइन, सगळ्या कडा २५ मायक्रॉनने फुगवलेलं, ५० मायक्रॉनने फुगवलेलं आणि आकसलेलं, असे नमुने शेजारी शेजारी ठेवा. घरगुती टोनर पद्धत इथे चालत नाही. मायक्रोवेव्ह बोर्ड बनवणाऱ्याकडेच द्या आणि त्याची टॉलरन्स आधी लेखी विचारा.

त्याच पत्र्यावर एक सरळ लाइनही काढा: दोन्ही टोकांना कनेक्टर, मध्ये काहीच नाही. कनेक्टर आणि लाइन मिळून किती खातात ते याच तुकड्यावरून कळतं. हा तुकडा नसेल तर मोजलेल्या गेनला काही अर्थ राहत नाही. बोर्ड हातात आले की कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली प्रत्येकाची फट आणि लांब्या मोजा आणि तीच मापं सिम्युलेशनमध्ये घाला.

कनेक्टर साधा एसएमए नको. तो १८ गीगाहर्ट्झपर्यंतचा. २.९२ मिलिमीटरचा, ४० गीगाहर्ट्झपर्यंत चालणारा एंड-लाँच कनेक्टर घ्या. तो स्क्रूने बसतो, सोल्डर लागत नाही, त्यामुळे एकच जोडी सगळ्या बोर्डांना वापरता येते. त्याचा धातूचा भाग पॅचच्या दुप्पट-तिप्पट रुंद असतो आणि लहरी परत उडवतो. लाइन किमान अडीच-तीन सेंटिमीटर ठेवा आणि सिम्युलेशनमध्ये कनेक्टरचा धातूचा ठोकळा जरूर काढा.

मोजणीचा दिवस

इथून पुढे पुणे किंवा मुंबई. मुंबईत समीर ही केंद्र सरकारची मायक्रोवेव्ह संशोधन संस्था आहे, आयआयटी आहे. पुण्यातही विद्यापीठं आणि उद्योगांच्या लॅब आहेत. कॉलेजच्या पत्रासह वेळ आधी ठरवा. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन संध्याकाळी परतायचं असेल तर लॅबमध्ये हाती मोजकेच तास राहतात, म्हणून तयारी इथूनच करून न्या. बोर्डांवर क्रमांक, प्रत्येकाचा सिम्युलेशनचा डेटा लॅपटॉपवर, कनेक्टर आधीच बसवलेले, आणि सोबत २.९२चा टॉर्क रेंच आहे का याची फोनवर खात्री. २.९२ कनेक्टर ०.९ न्यूटन-मीटरला आवळतात. बोटांनी आवळला तर प्रत्येक वेळी आलेख वेगळा येतो.

व्हीएनए सुरू करून तो स्थिर होऊ द्या, मग कॅलिब्रेशन करा. कॅलिब्रेशन केबलच्या टोकाला होतं, त्यानंतर केबल वाकवू नका. गेन मोजायचा हॉर्न (गेन आधीच माहीत असलेला कर्ण्याच्या आकाराचा अँटेना) मागताना डब्ल्यूआर-३४चा मागा, तो २२ ते ३३ गीगाहर्ट्झचा. डब्ल्यूआर-२८ जास्त ठिकाणी असतो, पण तो २६.५ला सुरू होतो आणि आपला खालचा दोन-तृतीयांश पट्टा बाहेर राहतो. हा प्रश्न फोनवरच विचारला तर फेरी वाचते. मिलिमीटर लहरींना हॉर्न लावण्याची परंपरा आपल्याच देशातली आहे, हे मुलांना आवर्जून सांगतो: जगदीशचंद्र बोस यांनी १८९०च्या दशकात कोलकात्यात याच तरंगलांब्यांवर प्रयोग केले होते.

चेंबर (भिंतींवरून लहरी परतू न देणारी मोजणीची खोली) मिळालंच नाही तरी अडत नाही. कनेक्टरसह बोर्ड चार सेंटिमीटरचा धरला तर दूर-क्षेत्राचं अंतर २८ सेंटिमीटर येतं. एक मीटरवर हॉर्न ठेवून टेबलावर, मागे शोषक फोम लावून मोजता येतं. २६ गीगाहर्ट्झला एक मीटरचा मार्गऱ्हास ६०.७ डेसिबल. मिळालेल्या एस-२१मध्ये (एका अँटेनाकडून दुसऱ्याकडे पोचलेल्या शक्तीच्या मापात) हा मिळवा, हॉर्नचा गेन आणि सरळ लाइनवरून काढलेला कनेक्टर-लाइनचा ऱ्हास हिशेबात धरा, की तुमच्या अँटेनाचा गेन निघतो. दोन्ही अँटेनांची उंची आणि ध्रुवीकरण जुळलेलं हवं. टेबलावर धातूची पट्टी, फोन, स्टीलची बाटली काही ठेवू नका.

लॅबमध्ये वेळ उरला तर फोनच्या आवरणाचा प्रयोग करा. ०.८ मिलिमीटरच्या काचेचा कॉन्स्टंट साडेसहाच्या घरात असतो, त्यामुळे काचेच्या आत तरंगलांबी साडेचार मिलिमीटरवर येते. इतकी पातळ काचही विद्युतदृष्ट्या जाडच ठरते. मोबाइलच्या सुट्या भागांच्या दुकानातून टेम्पर्ड ग्लासचे दोन-तीन जाडीचे तुकडे सोबत न्या. फोमच्या पट्ट्यांनी ती पॅचपासून ०.५, १ आणि २ मिलिमीटरवर धरा आणि प्रत्येक अंतराला एस-११ आणि गेन दोन्ही नोंदवा. मग बोट पॅचसमोर आणा. गेन कोसळतो. २०१८मध्ये क्वालकॉमने फोनसाठी काढलेले मिलिमीटर-वेव्ह मॉड्युल एकाच फोनमध्ये तीन-चार कडांना बसवण्यासाठी होते, ते याच कारणाने: एक हाताखाली झाकला तर दुसरा मोकळा असावा. तुमच्या रिपोर्टमध्ये काचेचं आणि बोटाचं असे दोन आलेख घाला, आणि त्यांच्या शेजारी मायक्रोस्कोपखाली मोजलेल्या मापांचा तक्ता.